ऑफिसमध्ये फक्त क्यूआर? – फोन बंद पडला तर काय, यावर ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 रविवारच्या मीटिंगमध्ये एक विषय घेतोय. सोसायटी ऑफिसमध्ये रोख आणि चेक घेणं बंद करून सगळं मोबाईल पेमेंटवर आणावं असं कमिटीचं मत आहे. पावती आपोआप निघेल, हिशेब जुळवण्यात संध्याकाळ जाते ती वाचेल. कोणाला काही म्हणायचं असेल तर इथेच सांगा म्हणजे मीटिंग लांबणार नाही.

सी-१०२: एकदम सहमत. मी तर पाकीट बाळगणंच सोडलंय, दोनेक वर्षं झाली. कार्ड पण घरात कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये आहे. फोन असला की झालं

बी-७०१ काकू: आम्हाला नाही हो जमत ते. मुलगा आला की तोच करून देतो.

ए-६०१: सेक्रेटरी साहेब, माझा याला विरोध आहे आणि का ते जरा सविस्तर लिहिते, मेसेज मोठा होईल पण कृपया पूर्ण वाचा.
गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आईचा दम वाढला, इन्हेलर संपत आलेला, मी तशीच चपला अडकवून धावले. औषधाच्या दुकानाची पायरी चढताना फोन हातातून निसटला आणि फरशीवर पालथा पडला. उचलून बघितला तर काच तडकलेली नाही, फक्त खालच्या बाजूला एक हिरवी पट्टी दिसत होती, म्हटलं चला वाचला. बोटाचा ठसा दिला, फोन उघडला, बॅलन्स दिसतोय, क्यूआर रकमेसकट स्कॅन झाला आणि मग पिनचा कीपॅड आला. माझ्या पिनमध्ये शून्य आहे. शून्य नेमकं त्या हिरव्या पट्टीत. दाबतेय, दाबतेय, उमटतच नाही. फोन आडवा करून बघितला, तर तो कीपॅड आडवा होतच नाही. मग मी घाईत फोन बंद करून चालू केला आणि तिथे सगळंच संपलं, कारण चालू झाल्यावर पहिल्यांदा तो बोटाचा ठसा घेत नाही, आधी लॉकचा पिन मागतो, आणि त्यातही शून्य.
माझ्याकडे तीन पेमेंट अ‍ॅप होते. तीन. मला वाटायचं एक अडलं तर दुसरं आहे, दुसरं अडलं तर तिसरं आहे. पण तिन्ही एकाच काचेच्या मागे होते. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी खिशातून नोटा काढून पैसे भरले म्हणून औषध मिळालं. पैसे परत करायला त्यांचा नंबर घ्यायचा, तर तो सेव्ह करायला पण फोनच लागतो, शेवटी दुकानदाराकडून पेन घेऊन बिलाच्या पाठीमागे लिहून घेतला. आई ठीक आहे आता. पण ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही.

बी-७०१ काकू: बाई गं. आईला जप.

सी-४०५: ताई वाचून वाईट वाटलं. मी पेमेंटच्याच सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून दोन्ही बाजू सांगतो. फोनवरून टॅप करून जे पेमेंट होतं त्यात तुमचा खरा कार्ड नंबर दुकानदाराकडे जातच नाही, त्याऐवजी टोकन म्हणून वेगळा नंबर जातो जो त्या फोनपुरताच असतो. फोन हरवला तर ते टोकन बंद करता येतं आणि तुमचं प्लास्टिकचं कार्ड चालूच राहतं. म्हणजे चोरीच्या बाबतीत फोनमधलं हे वॉलेट कार्डापेक्षा कमी नाही, उलट चांगलंच आहे.

सी-१०२: हेच म्हणतोय मी. पाकीट मारलं गेलं तर रोख गेली ती गेलीच. फोन निदान लॉक तरी असतो. आणि ताईंचं झालं ते वाईटच झालं पण असं रोज थोडीच होतं

ए-६०१: रोज होत नाही दादा, मान्य. पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी दुसरं काहीच हाताशी नसतं, माझं म्हणणं एवढंच आहे. वॉलेट वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, मी स्वतः आजही तेच वापरते. फक्त तेवढंच ठेवू नका आणि दुसऱ्यांना तेवढंच ठेवायची सक्ती करू नका. तुमचं कार्ड ड्रॉवरमध्ये आहे म्हणालात ना, त्याचा पिन आठवतोय का आत्ता? आणि त्याची मुदत कधी संपते?

सी-१०२: थांबा बघतो

सी-१०२: मुदत संपलीये. चार महिने झाले. नवीन कार्ड आलं असणार, पण आम्ही घर बदललं ना मध्ये, जुन्या पत्त्यावर गेलं वाटतं

सी-४०५: उद्याच बँकेत कळव. पत्ता पण बदलून घे.

बी-३०४ काका: मी बँकेत नोकरी करून रिटायर झालो, म्हणून थोडं लिहितो. ताईंचा फोन पडला, ते एकट्याचं झालं. पण कधी कधी सगळ्यांचंच एकदम अडतं आणि तेव्हा मागे उभा असलेला माणूस सुद्धा मदत करू शकत नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स नावाच्या एका टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क कोसळलं, आणि तिथली इंटरॅक म्हणजे डेबिट पेमेंटची यंत्रणा त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या लोकांचं पण डेबिट चालेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियात एका डेटा सेंटरला आग लागली आणि काकाओ नावाच्या तिथल्या कंपनीचं चॅट, पेमेंट, टॅक्सी सगळं एका फटक्यात बंद पडलं. लोकांचा फोन चांगला, बॅटरी भरलेली, खात्यात पैसे, तरी व्यवहार बंद. आपल्याकडे पण १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडलं होतं.

बी-५०३: काका स्पेन पोर्तुगालचं पण सांगा, वीज गेली होती ते

बी-३०४ काका: हो, २८ एप्रिल २०२५. दोन्ही देशांत बहुतेक ठिकाणी काही तास वीज नव्हती. कार्डाची मशीन बंद, मोबाईल टॉवर हळूहळू बंद, आणि एटीएम सुद्धा बंद, हे लोक विसरतात. अडचण आली की एटीएममधून काढू असं म्हणून चालत नाही, तोवर एटीएमच गेलेलं असतं. ज्यांच्या घरात आधीपासून चार नोटा होत्या त्यांना बॅटरी न् रेडिओ विकत घेता आला.
आणि एक. स्वीडन म्हणजे रोख जवळजवळ सोडून दिलेला देश, पण तिथल्या सरकारी यंत्रणेने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवली, त्यात थोडी रोख घरात ठेवा असं सांगितलंय. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने २०२५ मध्ये आकडाच दिला, मोठ्या माणसामागे ७० युरो आणि मुलामागे ३०. म्हणजे फार मोठी रक्कम नाहीच, पहिले तीन दिवस निघतील इतकी. हे जुन्या वळणाच्या लोकांचं म्हणणं नाहीये, सगळ्यात पुढे गेलेल्या लोकांचं आहे.

सी-१०२: ओके हे मला माहीत नव्हतं

बी-५०३: काका एक विचारू का, वॉलेटमध्ये भरून ठेवलेले पैसे सेफ असतात का? आमचे हे बरेच पैसे तिथेच ठेवतात

बी-३०४ काका: दोन प्रकार आहेत बघा. काही अ‍ॅप फक्त निरोप्याचं काम करतात, पैसे तुमच्या बँक खात्यातूनच जातात. काहींमध्ये तुम्ही आधी पैसे भरता आणि ते त्या कंपनीकडे पडून राहतात. हे दुसरं म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. बँक बुडाली तर ठेवीवर विमा असतो, वॉलेटच्या बॅलन्सवर तो असेलच असं नाही. अमेरिकेतल्या सीएफपीबीने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने, जून २०२३ मध्ये लोकांना हेच सांगितलं की अशा अ‍ॅपमध्ये पैसे साठवून ठेवू नका, बँकेत वळते करा. चार दिवसांच्या खर्चापुरतं ठेवायला हरकत नाही. आणि कंपनीला काही संशय आला किंवा कागदपत्रं अपुरी वाटली की खातं गोठवतात, ते सुटायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं.

बी-५०३: बापरे. सांगते यांना आजच. आमच्याकडे दुसरीच गोष्ट झाली होती, कोणाला सांगितली नाही अजून. हे ॲडमिट होते तेव्हा, शुद्धीत नव्हते दोन दिवस. घरातलं सगळं यांच्या फोनवरून चालायचं, दूध पेपर लाईट गॅस मुलांच्या फिया सगळं. फोन माझ्या हातात होता, वाजत होता, लोक विचारत होते कसे आहेत, आणि मी तो उघडू शकत नव्हते. माझ्या नावाचं खातं आहे पण त्याचं अ‍ॅप यांनीच त्यांच्या फोनवर घेतलेलं, कार्डाचा पिन पण त्यांनाच माहीत. भावाने धावपळ केली म्हणून निभावलं.

ए-६०१: वहिनी हे खूप महत्त्वाचं सांगितलंत. बरं झालं लिहिलंत.

बी-७०१ काकू: असंच असतं गं सगळ्या घरात.

सी-४०५: चोरीबद्दल मगाशी मी चांगली बाजू सांगितली, आता वाईट पण सांगतो. चोर आधी तुम्ही लॉकचा पिन टाकताना बघतात आणि मग फोन पळवतात. पिन माहीत असला की पासवर्ड बदलता येतो, फाइंड माय फोन म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय बंद करता येते, आणि ओटीपी तर त्याच फोनवर येतात. अमेरिकेत अशा केस इतक्या झाल्या की अ‍ॅपलने जानेवारी २०२४ मध्ये वेगळी सेटिंग आणली, स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन, ती चालू असली की अनोळखी जागी फक्त पिनवर महत्त्वाचे बदल होत नाहीत, चेहरा किंवा बोट लागतंच, आणि काही बदलांना वर तासभर थांबावं लागतं. आयफोनवाल्यांनी चालू आहे का बघून घ्या. आणि सगळ्यांनीच फोनचा पिन आणि पेमेंटचा पिन वेगवेगळा ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

सी-१०२: दोन्ही एकच आहे माझा. बदलतो

ए-६०१: माझाही एकच होता. अजून एक, कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवायची सवय असते ना, मागच्या खिशात सरकवून, ती सोडा. फोन गेला की कार्ड पण त्याच्याबरोबर गेलं.

बी-३०४ काका: बरोबर. आणि दुसरं कार्ड जमलं तर दुसऱ्या बँकेचं ठेवा. एकाच बँकेचा सर्व्हर झोपला तर त्या खात्याला जोडलेलं अ‍ॅपही अडतं आणि कार्डही अडतं. महिन्यातून एकदा ते कार्ड कुठेतरी वापरा म्हणजे पिन लक्षात राहतो आणि बंद झालं असेल तर वेळेवर कळतं. नोटा लहान ठेवा, सगळं बंद असतं तेव्हा समोरच्याकडे पण सुट्टे नसतात.

सी-१०२: नेट नसेल तर टॅप चालतं ना पण?

सी-४०५: बऱ्याचदा चालतं, टोकन फोनमध्येच असतं, पण समोरच्या मशीनला सहसा नेट लागतं. क्यूआरला सहसा तुझ्या फोनला नेट हवंच. आणि बॅटरी संपली तर दोन्ही नाही. काही आयफोनमध्ये बॅटरी गेल्यावर सुद्धा काही तास बस-मेट्रोचं कार्ड चालतं, ते तेवढंच, बाकी खरेदी त्यावर होत नाही.

ए-६०१: फोन हरवला तर पहिलं काम काय, बँकेला फोन करून ब्लॉक करणं. तो नंबर कुठे असतो? हरवलेल्या फोनमध्ये. त्या रात्रीनंतर मी एक कागद केलाय, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, आईच्या पर्समध्ये पण एक ठेवलाय. दोन बँकांचे ब्लॉक करायचे नंबर, सिम कंपनीचा नंबर, भावाचा आणि डॉक्टरांचा नंबर. पिन वगैरे काही लिहिलेलं नाही, फक्त नंबर. सिम लगेच बंद करणं पण तितकंच गरजेचं आहे, नाहीतर ओटीपी दुसऱ्याच्या हातात जात राहतात.

बी-७०१ काकू: मला पण करून दे असा कागद. अक्षर मोठं काढ.

सी-१०२: सेक्रेटरी काका मी माझं सकाळचं सहमत मागे घेतो. क्यूआर ठेवा पण बाकीचं बंद नका करू. ज्याला जे जमतं त्याने ते द्यावं

बी-३०४ काका: चेक तरी राहू द्या. चेकचा हिशेब जुळवायला मी येत जाईन महिन्यातून दोन संध्याकाळी, मला वेळच वेळ आहे.

सेक्रेटरी: वाचलं सगळं. खरं सांगतो, कमिटीने हा विचार फक्त हिशेबाच्या बाजूने केला होता, ज्याच्याकडे त्या दिवशी फोनच चालू नाही त्याचं काय हा प्रश्न कोणीच काढला नव्हता. विषय बदलून लिहितो, क्यूआर सुरू करणे, रोख आणि चेक चालू ठेवणे. काका तुमची मदत लागेल, नक्की या. आणि ताई, तो कागद छापून खाली बोर्डावर लावला तर चालेल का? बँकेच्या जागा रिकाम्या सोडू, ज्याने त्याने आपल्या भरायच्या.

ए-६०१: हो देते ना, चालेल. पण बँकेचा नंबर नेटवर शोधून लिहू नका कोणी, तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच उतरवा.

बी-५०३: मी आज यांच्यासमोर बसून माझं अ‍ॅप माझ्या फोनवर घेतलं. कार्डाचा पिन पण नवीन केला, मीच टाकला.

ए-६०१: काकू उद्या सकाळी दहाला येते तुमच्याकडे, कार्ड आणि चष्मा काढून ठेवा, बसून लिहू.

बी-७०१ काकू: ये. दार उघडंच आहे.