सफारीत प्राण्यांशी 'मनाने' संवाद खरंच साधता येतो का?

निसर्गवेडी: पहिल्यांदाच सफारीला जातेय. 'डोळे मिटा, प्राण्याला मनातून संदेश पाठवा, तो जवळ येईल' असलं बरंच वाचनात आलं. यात तथ्य किती? आणि गाडीत बसून नेमकं करायचं काय?

पाणवठा: संदेश पाठवायची भानगड सोडा हो. प्राणी अंगभर बोलत असतो, डोळे मिटल्यावर ते दिसणार कसं? कान, शेपटी, मान बघून बघून नजर तयार होते, मग उत्तर आधी सुचतं आणि कारण मागाहून कळतं. अंतःप्रेरणा म्हणतात ती हीच.

गाडी थांबली की इंजिन बंद, पहिली पाच मिनिटं कॅमेरा मांडीवर. एकच प्राणी निवडा. चितळ उत्तम, कारण त्याच्याकडे कुणी धड बघत नाही. चरताना मान किती वेळाने वर येते, कान कुठे फिरतात, हे टिपा. ही निवांतपणाची चाल डोक्यात बसली की बिघाड लगेच जाणवतो: चरणं थांबलं, शेपटी वर, पुढचा पाय आपटतोय, सगळा कळप एकाच दिशेला बघतोय. तुम्हीही तिकडेच बघा. चितळाचा एखादा कॉल, म्हणजे धोक्याची ओरड, फसवा निघतो. सांबर मात्र ओरडतच राहिलं तर सहसा शिकारी जवळ असतो. झाडावरचं वानर खाली कुठे टक लावून आहे, तेही बघा.

सोंडवाला: हत्तीचं वेगळं आहे. कान पसरून, डोकं उंच करून, चीत्कारत येणारा बऱ्याचदा नुसता दम देतो. कान मागे दाबलेले, सोंड आत वळवलेली, आवाज नाही, हे जास्त वाईट. अर्थात हत्तीने हे नियम वाचलेले नसतात, अंतर दोन्ही वेळी वाढवायचंच. पण त्याच्या आधीच्या बारीक खुणा सुटतात: पुढचा पाय अधांतरी झुलवणं, गवत उपटून तोंडात न घालणं, सोंडेचं टोक पिळत राहणं. त्याची घालमेल चाललेली असते. ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगायची वेळ तीच. डोळा आणि कानाच्या मधून स्राव, मागचे पाय लघवीने ओले, म्हणजे मदात आलेला नर. तिथे थांबूच नका.

रानवाट: स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी 'पलायन अंतर' मांडलं, ते समजून घ्या. त्याच्या आत शिरलात की प्राणी पळतो, पळायला वाट नसेल तर अंगावर येतो. गाडी थांबल्यावर काही मिनिटांत तो पुन्हा चरायला लागला तर अंतर ठीक. ताठ उभा राहून बघतोय म्हणजे 'विश्वास बसला' असं नव्हे, तुम्ही फार जवळ आहात. आई-पिल्लाच्या किंवा कळप-पाण्याच्या मध्ये गाडी नको.

निसर्गवेडी: त्याने बघितलं तर नजर भिडवायची का?

पाणवठा: रोखून नको. माकडांमध्ये तर एकटक नजर म्हणजे सरळ आव्हान. बबूनची जांभईसुद्धा बऱ्याचदा सुळे दाखवून दिलेली धमकी असते. सिंहाची असेल तर तो उठायच्या बेतात असू शकतो. नजर जरा बाजूला ठेवा. उभ्या राहू नका, हात बाहेर काढू नका. ओळखीच्या गाडीतून एकदम माणसाचा आकार सुटा दिसला की प्राणी बिथरतो. कॅमेऱ्याचा फोकस-बीप आणि फ्लॅश निघायच्या आधीच बंद करा, तिथे मेनू शोधत बसू नका.