कोळशाच्या घरगुती भट्टीला ब्लोअर लावल्यापासून कोळसा जास्त लागतो. नेमके काय चुकते आहे?

प्रश्न : कच्ची केळी, सावदा

नमस्कार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची केळीच्या वेफर्सची लहान भट्टी आहे. सासऱ्यांनी ती वीस वर्षांपूर्वी साध्या विटांत बांधून घेतली होती. आतला व्यास दोन फूट, वर तीस इंची कढई, खाली टॉर सळयांची जाळी आणि मागच्या बाजूने सहा इंची पत्र्याची चिमणी अशी तिची रचना आहे. जळण दगडी कोळशाचे असून पेटवण्यासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या वापरतो.

पूर्वी दिवसभराच्या घाण्यांना साधारण पंधरा किलो कोळसा पुरत असे. तेल लवकर तापावे म्हणून दिवाळीआधी राखेच्या दाराला ब्लोअर बसवला, आणि तेव्हापासून बावीस किलोही कमी पडतो. तेल मध्येच इतके भडकते की चकत्या कडेने लाल होतात व मध्ये मऊ राहतात. संध्याकाळी जाळीवर काचेसारखा चकाकणारा खंगर घट्ट चिकटलेला असतो, तो छिन्नीने फोडावा लागतो, आणि दोन सळया वाकल्याही आहेत. कढईच्या कडेने धूर शेडमध्ये येतो. दुपारपर्यंत माझे आणि जाऊबाईंचे डोके जड होते, ते उभ्याने काम केल्यामुळे असावे. सध्या थंडी फार असल्याने उरलेले निखारे घमेल्यात काढून रात्री सासूबाईंच्या खोलीत ठेवतो, म्हणजे तेवढी उष्णता तरी वाया जात नाही.

ब्लोअर मोठा घ्यावा का? आणि भट्टी नव्याने बांधायची झाल्यास विटा कोणत्या घ्याव्यात?

उत्तर १ : निवृत्त बॉयलर कर्मचारी, भुसावळ

ताई, विटांचे आणि ब्लोअरचे नंतर पाहू. निखाऱ्यांचे घमेले आजपासून खोलीत ठेवू नका. ही विनंती आहे, पण ती आज्ञेसारखी घ्यावी. ज्या निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, त्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दारे-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही तो ठेवत नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची आपल्याकडची रीत जुन्या, हवा खेळणाऱ्या घरांत निभावली असेल. आजच्या बंद स्लॅबच्या खोलीत ती जिवावर बेतू शकते. तुम्हा दोघींच्या डोकेदुखीचेही कारण उभ्याचे काम नसून बहुधा हाच वायू आहे. शेडच्या दोन समोरासमोरच्या बाजू उघड्या ठेवा, आणि डोके जड झाल्यास काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत जा. या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा अलार्म बाजारात मिळतो, तो एक घ्यावाच.

आता कोळशाकडे वळू. मी दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात बॉयलरवर काम केले आहे. तिथे कोळसा पीठ करून जाळतात, तरी हवेचा हिशेब तुमच्या भट्टीला तोच लागू पडतो. एक किलो कार्बन पूर्ण जळाला तर सुमारे 8,000 किलोकॅलरी उष्णता मिळते; अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर जेमतेम 2,400. म्हणजे जो वायू तुमचे डोके दुखवतो, तोच तुमचा कोळसाही खातो. दगडी कोळसा तापला की आधी त्यातून वायू सुटतो आणि तो थरावर जळतो. त्याला हवा वरच्या बाजूला, ज्वाळेच्या जागी लागते. तुमचा ब्लोअर सगळी हवा खालून जोरात ढकलतो, त्यामुळे निखारे पांढरे होईपर्यंत तापतात, पण वरचा वायू न जळताच चिमणीतून आणि कढईच्या कडेने निघून जातो. खंगरही त्यामुळेच होतो. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशात राख भरपूर असते, आणि थर फार तापला की ती राख वितळून सळयांना चिकटते. मोठ्या ब्लोअरने हे सगळे वाढेल.

म्हणून आहे त्याच ब्लोअरच्या तोंडाला सरकती झडप बसवा आणि पेटवण झाल्यावर हवा अगदी मंद करा. कोळशाचा थर सहा इंचांचा धरून त्याच्या दोन इंच वर भट्टीच्या भिंतीत गोलाकार सहा-आठ भोके, प्रत्येकी पाऊण इंचाची, पाडून घ्या. मात्र ब्लोअर जोरात असताना या भोकांतून हवा आत न जाता आग बाहेर येईल, हे पक्के लक्षात ठेवा. भोकाजवळ आणि कढईच्या कडेशी पेटती उदबत्ती लांब काडीला बांधून धरा. तिचा धूर आत ओढला जाईपर्यंत झडप मिटत जा. धूर बाहेर ढकलला जात असेल, तर भट्टीच्या पोटात दाब आहे आणि तो दाब तुमच्या छातीत जात आहे.

चिमणीचे तोंड छपराच्या आढ्याहून निदान दोन-तीन फूट वर न्यावे, नाहीतर वाऱ्याचा भोवरा धूर परत खाली दाबतो. भर उन्हाळ्यात बाहेरच 44-45 अंश असताना थंड चिमणी सुरुवातीला ओढ घेत नाही. अशा वेळी आधी चिमणीच्या बुडाशी मूठभर पऱ्हाट्या जाळून तिला तापवावे आणि मगच भट्टी पेटवावी.

कोळसा टाकताना सगळ्या निखाऱ्यांवर पसरू नका. एका बाजूला टाका व दुसरी बाजू लाल राहू द्या, म्हणजे नव्या कोळशातून सुटणारा वायू तिथे लगेच पेट घेतो. निखारे वरून ढवळल्याने राख गरम भागात येऊन खंगर वाढतो, म्हणून सळई जाळीलगत आडवी घालून खालूनच हलवावे. जाळीवर इंचभर राखेचा थर राहू द्या, तो सळयांना वाचवतो. पण राखेचा खड्डा रोज रिकामा करा, कारण तो भरला की सळयांना गारवा देणारी हवा बंद होते आणि त्या वाकतात. तापलेल्या जाळीवर पाणी कधीही मारू नका. पुढे बिडाची जाळी बसवलीत तर ती पाण्याने तडकेल.

उत्तर २ : भट्ट्या बांधणारा गवंडी, फैजपूर

काकांनी हवेचे सांगितले, मी बांधकामाचे सांगतो. सबंध भट्टी फायर ब्रिकमध्ये बांधण्याचा खर्च करू नये. जाळीपासून कढईच्या बुडापर्यंत आतली एक वीटभर कड फायर ब्रिकची आणि बाहेरून साधी वीट, एवढे पुरते. नेहमीची फायर ब्रिक 9 × 4½ × 3 इंचांची येते. ती सिमेंटमध्ये बसवू नये, कारण सिमेंट त्या आचेला भुगा होते. फायर क्ले पातळ कालवून वीट त्यात बुडवून बसवावी, सांधा दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावा. जाड सांधा आधी गळतो आणि मग वीट हलते.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. कढईचे बूड निखाऱ्यांच्या फार जवळ असते. तेलाने भरलेली कढई आगीच्या मानाने थंडच असते, त्यामुळे ज्वाळा पुरी जळण्याआधी तिला टेकली की विझते आणि बुडाला काजळी धरते. काजळीचा थर उष्णता अडवतो, म्हणून तो आठवड्याला खरवडावा. निखाऱ्यांच्या वर निदान एक फूट मोकळी जागा ठेवा. नवे बांधकाम आठवडाभर सुकू द्या आणि पहिले दोन दिवस फक्त पऱ्हाट्यांची मंद आच द्या. चिमणीला जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नका, तापल्यावर त्याची वाफ अपायकारक असते.

उत्तर ३ : शिरपूर

मी फुटाण्यांची भट्टी 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर नेली आणि समाधानी आहे. खर्चाचा मेळ बसत असेल तर ताईंनीही विचार करावा. कोळशावरच राहणार असाल, तर विझत आलेल्या आगीवर एकदम टोपलीभर कोळसा टाकून दार लावू नका. मी तसे केले होते. वायू आत साचला आणि दार उघडताच भपकन ज्वाळा बाहेर आली. मनगटापर्यंतचे केस जळाले. तुमच्याकडे तर वर उकळते तेल आहे. कढईवर पूर्ण बसेल असे लोखंडी झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकणच घालायचे, पाणी नाही.

कच्ची केळी, सावदा

सर्वांचे मनापासून आभार. निखाऱ्यांचे घमेले त्याच रात्री बंद केले आणि सासूबाईंना दुसरी गोधडी दिली. त्यांना राग आला होता, पण मुलाने त्यांना कारण समजावून सांगितले. उदबत्तीची परीक्षा घेतली तेव्हा धूर सरळ माझ्या तोंडावर आला, त्यामुळे काही समजून घ्यायचे राहिले नाही. झडप बसवली, भोके पाडली, चिमणीला चार फूट नळी जोडली. काल सतरा किलोत काम झाले, खंगर हाताने उचलता आला आणि दुपारी दोघींचीही डोकी हलकी होती. विटांचे काम उन्हाळ्यानंतर करीन. पावसाळ्यात दोन महिने भट्टी बंद असते, तेव्हा काय काळजी घ्यावी?

निवृत्त बॉयलर कर्मचारी, भुसावळ

फार बरे वाटले, ताई. कोळशात गंधक असते. राखेला आणि काजळीला पावसाळी दमट हवा लागली की तिचे आम्ल होते, आणि चिमणीचा पत्रा जळण्याने नव्हे, तर त्या दोन महिन्यांत कुजतो. म्हणून शेवटच्या घाण्यानंतर भट्टी गार झाली की राख कोपऱ्या-कोपऱ्यांतून झाडून काढा, चिमणी उतरवून आतून घासा, कोरडी करून तेलाचा पुसट हात फिरवा आणि घरात ठेवा. भट्टीवरचे चिमणीचे भोक पत्र्याने झाका. पुढच्या हंगामात पेटवण्याआधी ते झाकण काढल्याची खात्री स्वतः डोळ्यांनी करून घ्या, आणि पहिल्या दिवशी उदबत्ती पुन्हा धरा.