डायमॉक्स घेणारा ट्रेकर नव्हेच म्हणे!

कातळपुत्र

एका ज्येष्ठ भटक्यांची डायमॉक्सवरची (उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती गोळी) पोस्ट काल तीन ग्रुपांवरून माझ्यापर्यंत आली. मथितार्थ असा: 'डायमॉक्स घेऊन हिमालयात जाणारा ट्रेकर नव्हेच. गोळी त्रास लपवते, किडन्या बाद करते. आम्ही लसणाचं सूप प्यायलो, कापूर हुंगला आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प करून आलो.' खाली अंगठ्यांचा पाऊस आणि 'सर, दंडवत'. दुर्लक्ष करणार होतो, पण पुढच्या महिन्यात लेहला निघालेल्या माझ्या मावसभावाने हे वाचून डॉक्टरने दिलेली गोळी रद्द केली, म्हणून लिहितोय.

डायमॉक्स त्रास लपवत नाही. ती मूत्रपिंडाला बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्लाकडे झुकतं आणि श्वासोच्छ्वास वाढतो. उंचीवर शरीर काही दिवसांत स्वतःहून जे करणारच असतं, तेच लवकर सुरू होतं. ही गोळी चालू असताना बरं वाटत असेल तर तुम्ही खरंच बरे आहात. लक्षणं दाबतं ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि ते थांबवलं की दबलेलं सगळं उसळून येऊ शकतं. ज्येष्ठांनी दोन्हींची खिचडी केलीय.

बोटांना मुंग्या येतात, रात्री लघवीला तंबूबाहेर पळावं लागतं, कोल्ड्रिंक पुळचट लागतं, हे सगळं मान्य. पण मुंबईहून थेट लेहला उतरणारा माणूस समुद्रसपाटीवरून काही तासांत ३५०० मीटरवर पोचतो. त्याला 'मर्द बन, कापूर हुंग' सांगणं म्हणजे शुद्ध खोडसाळपणा. आणि फिटनेसचा तोरा कुणी मिरवू नये. १९६९ साली सिंग आणि सहकाऱ्यांचा उंचीच्या त्रासाविषयीचा, १९२५ जणांवरचा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ते आपले जवान होते, पुण्यातल्या सोसायटीतले पेन्शनर नव्हेत.

तिखटजाळ

बसलो पॉपकॉर्न घेऊन. कोका ३० (होमिओपॅथीच्या गोळ्या) वाले अजून कसे आले नाहीत?

सह्यकडा_जुना

ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहायची हिंमत नव्हती का?

तुम्ही बेस कॅम्पला कसे गेलात? लुक्ल्याला विमानाने टपकून ना? आम्ही जिरीहून चालत गेलो. दूधकोसीच्या काठाला लागेपर्यंतच चढउतारांनी गुडघे बोलायला लागतात, पण नामचेला पोचतो तेव्हा शरीर तयार असतं. आमचा एकही माणूस आजारी पडला नाही. गोळी कुणालाच नव्हती. हा अनुभव आहे, गूगल नाही.

आता पोरांना शनिवार ते पुढचा रविवार एवढीच रजा. म्हणून मग गोळी. डोंगराला तुमच्या एच.आर.चं काय सोयरसुतक?

गोळीवाला डॉक्टर

काका, जिरीहून चालत गेलात म्हणूनच आजारी पडला नाहीत. लसणाला श्रेय कशाला देता? ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी, हा नियम तुम्ही न कळत पाळलात. तसा वेळ असेल तर बहुतेकांना गोळी लागत नाहीच. वेळ नसेल, किंवा आधी कधी त्रास झालेला असेल, तर प्रौढांना १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. सल्फाची जबर अॅलर्जी असलेल्यांनी आधी बोलून घ्यावं. किडनी 'बाद' कुठून आली कळलं नाही. ज्यांची मुळात खराब आहे त्यांना आम्ही देतच नाही.

कारवी

कातळपुत्र, शास्त्र बरोबर आहे तुमचं, पण काकांचा मुद्दा सोयीस्करपणे गिळलात. कंपन्या गोळीचा वापर परवान्यासारखा करतात. आमच्या लडाख सहलीत पहिल्या दिवशी लेहला उतरलो, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या दिवशी पँगाँगला ४२५० मीटरवर मुक्काम. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर: 'डायमॉक्स घेतलीय ना? मग काय टेन्शन!' अट्ठेचाळीस तास आराम कागदावर होता. प्रत्यक्षात बाजार, शांतिस्तूप आणि रात्री डीजे.

पँगाँगला शेजारच्या तंबूतल्या काकूंना रात्री पडूनच राहवेना. उशा लावून बसलेल्या, कोरडा खोकला, ओठ निळसर. जवळ गेलं की छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज. टूर मॅनेजर म्हणाला, 'गॅस झालाय, आलं-लिंबू द्या.' एक ऑक्सिजनचा फवारा आणला, तो काही मिनिटांत संपला. शेवटी त्यांच्या मुलाने आरडाओरडा करून गाडी काढायला लावली. त्यांनीही डायमॉक्स घेतलेली होती, बरं का.

गोळीवाला डॉक्टर

फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं त्यांच्या. डायमॉक्स हा त्यावरचा इलाज नव्हे. ऑक्सिजन द्या आणि खाली आणा. मुलगा शहाणा. (लेहला परतताना मध्ये चांगली ५३०० मीटरच्या वरची चांग ला ही खिंड लागते, ही त्या सहलीची आणखी एक गंमत.)

कातळपुत्र

कारवी, ही तक्रार कंपनीची झाली, गोळीची नाही. सीटबेल्ट लावून कुणी दीडशेने गाडी हाणली म्हणून सीटबेल्ट वाईट ठरतो का?

कारवी

'सीटबेल्ट आहे, हाणा' असं गाडी विकणाराच सांगत असेल तर त्याला चार शब्द सुनवाल की नाही? तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात कंपन्यांवर एक ओळ नाही.

सह्यकडा_जुना

कारवीताई, आभार. आणि हिमालयाचं एवढं कौतुक करणाऱ्यांच्या सॅकमध्ये सह्याद्रीसाठी काय असतं? क्रोसिन आणि सेल्फी स्टिक! आमच्या किटमध्ये सर्पदंशासाठी सुती दोरी, नवं ब्लेड आणि पोटॅशियम परमँगनेट कायम असायचं.

महाडचा_मी

ब्लेड??

डायमॉक्सवर घाला हवा तेवढा गोंधळ, पण हे वाचून डोकं फिरलं. माझ्या चुलत्याला भातखाचरात घोणस चावली. गावातल्या एका जाणकाराने पोटरीला दोरी आवळली आणि वर चिरा दिला. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं हो! त्या चिऱ्यातून रक्त थांबेचना, आणि दोरीखालचा पाय काळानिळा. चुलता वाचला, पण आज काठीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. वर हेच 'अनुभवी' लोक आम्हाला शिकवणार!

दोरी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. अंगठी, पैंजण काढा, पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि दवाखाना गाठा. फुरशाच्या कोकणात राहतो आम्ही, हे पुस्तकात वाचलेलं नाही.

सह्यकडा_जुना

तेव्हा सगळे तेच शिकवायचे. सरकारी पुस्तिकेतसुद्धा होतं.

महाडचा_मी

सती जाणंही शिकवायचे.

तिखटजाळ

आग आग! पण मग सर्पविषावरची लस (एएसव्ही) सॅकमध्येच ठेवली तर? पावडरवाली मिळते, फ्रिज लागत नाही. आमच्या ग्रुपवर कालच कुणीतरी टाकलंय.

गोळीवाला डॉक्टर

एक कुपी ठेवून काय उपयोग? सुरुवातीलाच आठ ते दहा लागतात, तीही शिरेतून. तिचीच जबरदस्त रिअॅक्शन येऊ शकते, त्यासाठी अॅड्रेनलिन भरून तयार ठेवावं लागतं. कड्यावर हे कोण करणार? शिवाय आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर बनते. पावसाळी जंगलात फांदीवर दिसणारा हिरवा चापडा चावला तर तिचा भरवसा नाही.

खरी भीती मण्यारीची आहे. देवळात, गुहेत, पडवीत आपण जमिनीवर आडवे होतो, तिथेच ती रात्री फिरते. दंश फारसा दुखत नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखतंय म्हणून. पाठोपाठ पापण्या जड, गिळता येईना. सोबतचे म्हणतात, 'काल मिसळ जास्त झाली.' मच्छरदाणी चटईखाली नीट खोचा, ती ब्लेडपेक्षा स्वस्त पडते.

महाडचा_मी

बाय द वे, आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन (रक्तदाबाचं औषध) वापरून किती जीव वाचवले! लहान गावात बसून लॅन्सेटमध्ये लिहीत होते, १९८२ पासून. कापूर हुंगत नव्हते.

कारवी

सगळं पटतं, पण 'दवाखाना गाठा' म्हणणं सोपं आहे. आमच्या गटातल्या मुलाला फुरसे चावलं. पहिल्या दवाखान्यात लस नाही, दुसऱ्यात आहे पण द्यायला कुणी तयार नाही, 'जिल्ह्याला न्या'. तिकडे पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त. देशात २००० ते २०१९ मध्ये साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज छापून आलाय. ती काय सगळी दोरी बांधूनच गेली?

गोळीवाला डॉक्टर

नाही. बरीचशी पोचलीच नाहीत, काही पोचली तिथे तुम्ही म्हणता तसं झालं. यावर माझ्याकडे बचाव नाही. म्हणून ट्रेकच्या आधी फोन करून विचारा: लस कुठे आहे, आणि रात्री डॉक्टर असतो का. आयोजकाने हे नाही केलं तर फी परत मागा.

कातळपुत्र

मंडळी, धागा डायमॉक्सचा होता. सर्पदंशाचा वेगळा काढा ना!

महाडचा_मी

लेहला वर्षातून एकदा जाणाऱ्यांचा धागा चालू द्या, आम्हाला रोज खाचरात उतरायचंय.

सह्यकडा_जुना

ठीक आहे, ब्लेड-दोरी काढली किटमधून. झालं समाधान? आता सांगा, पायथ्याच्या वाडीत आलो, १०८ ला दोन तास लागणार, रस्ता कच्चा. डॉक्टरसाहेब, काय करू? तुमचं शास्त्र ऐकतोय.

गोळीवाला डॉक्टर

मोटारसायकल. नेपाळात दमक भागात हेच केलं. गावोगावी स्वयंसेवक ठरवले, चावलेल्याला चालवणारा आणि मागचा यांच्या मध्ये बसवून थेट उपचारकेंद्रात. मृत्यूंचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. वाडीत शिरताना कुणाकडे गाडी आहे आणि टाकीत पेट्रोल आहे का, एवढं विचारून ठेवा.

सह्यकडा_जुना

हे एक कामाचं बोललात. डायमॉक्सचं तरीही पटलेलं नाही.