मदत हवी आहे: रिकॉम्बिनंट केरॅटिन १८ विरघळतच नाही

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष, पुणे. आमच्या लॅबमध्ये आजवर आलेली प्रथिनं साखरेसारखी विरघळणारी होती, त्यामुळे हा प्रकार मला नवीन आहे.

यकृताच्या पेशीतलं एक प्रथिन केरॅटिनच्या (पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनाच्या) तंतूंना चिकटतं का, हे बघायचंय. त्यासाठी मानवी केरॅटिन १८ मागवलं. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं (म्हणजे रिकॉम्बिनंट), हिस-टॅगवालं (शुद्ध करताना पकडायला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी), लायोफिलाइज्ड म्हणजे गोठवून वाळवलेलं, ५० मायक्रोग्रॅम. यायला दोन महिने लागले आणि सोबतच्या कागदावर "योग्य बफरमध्ये विरघळवावे" एवढंच. योग्य म्हणजे कुठलं, ते आपण ओळखायचं! मी सवयीने १०० मायक्रोलिटर पीबीएस (नेहमीचं फॉस्फेटचं खारं बफर) घातलं, तर दोन मिनिटांत कुपीत ताक. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या पाण्यात ब्रॅडफर्डला (प्रथिन मोजायच्या रंगचाचणीला) काहीच नाही, सगळं तळाशी.

चिमूटभर साका सॅम्पल बफरमध्ये उकळून, प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर चढवला. ५० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास बँड आला, म्हणजे माल खरा असावा. पण सिल्व्हर स्टेन (अगदी थोडं प्रथिनही दाखवणारा चांदीचा रंग) केल्यावर ५५ ते ६७ च्या मध्ये दोन-तीन फिकट बँड दिसले, आणि ते नुसतं बफर घातलेल्या लेनमध्येही आहेत. कुपीतच भेसळ आहे का? सर सोमवारी गावाहून येतायत. त्याआधी काहीतरी सांगा.

प्रतिसाद – युरियावाला

ताई, घाबरू नका, प्रथिन गेलेलं नाही. केरॅटिनचं कामच मुळी न विरघळणं. पीबीएसमध्ये ताक होणं हे अपेक्षितच होतं. वरचं पीबीएस काढून टाका आणि साक्यावर ८ किंवा ९ मोलर युरिया घाला, ट्रिस (बफर) आणि थोडं डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) टाकून. तासभर सावकाश फिरवत ठेवा.

युरिया त्याच दिवशी बनवा. ८ मोलरच्या १०० मिलिसाठी ४८ ग्रॅम लागतो, म्हणून पाणी ५० मिलीपासून सुरू करा, नाहीतर माप ओलांडून जाईल. विरघळताना बीकर बर्फासारखा गार पडतो आणि हात आपोआप हॉटप्लेटकडे जातो. तिथेच चुकतं. तापवलेल्या आणि शिळ्या युरियात सायनेट तयार होतं, ते लायसिनला जाऊन चिकटतं, मग तुमचं प्रथिन तुमचं राहत नाही. ग्वानिडिननेही (युरियासारखंच प्रथिन उलगडणारं रसायन) विरघळेल, पण ते थेट जेलवर घालू नका, जेलमधल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनाबरोबर त्याचा गोळा होतो.

प्रतिसाद – जेलवाली मावशी

ते फिकट बँड कुपीतले नाहीत गं, तुझ्याच हातावरचे आहेत! त्वचेतली केरॅटिन १, २, ९, १० बरोबर त्याच पट्ट्यात धावतात. धूळ, कोंडा, उघड्या ठेवलेल्या टिप्स, कशातूनही येतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीवाले (वजनावरून प्रथिन ओळखणारे) तर यांना शिव्याच घालतात. बफर ताजं कर, ग्लोव्हज बदल, केस बांध. तुझं नशीब की तू १८ घेतलंस. १० घेतलं असतंस तर कुपीतलं कुठलं आणि बोटावरचं कुठलं, कळलंच नसतं.

प्रतिसाद – युरियावाला

मुख्य गोष्ट राहिली. एकट्या १८ चे तंतू होणारच नाहीत. केरॅटिनला जोडीदार लागतो, एक टाइप १ आणि एक टाइप २ (केरॅटिनचे दोन गट), समसमान. १८ टाइप १, त्याचा जोडीदार ८ टाइप २. यकृताच्या पेशीत हीच जोडी असते. दोन्ही युरियात एकास एक मिसळायची, मग डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या नळीत ठेवून बाहेरचं बफर बदलत) युरिया ८, ६, ४, २, १, शून्य मोलर असा उतरवत न्यायचा, २ मिलिमोलर ट्रिस, पीएच ९ मध्ये. तिथे फक्त न जुळलेले लहान तुकडे असतात. नंतर तेवढ्याच मापाचं १८ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७ घातलं की तंतू जुळतात. मीठ, मॅग्नेशियम लगेच घालू नका, जुडगे होतात. निगेटिव्ह स्टेन (भोवतालची पार्श्वभूमी रंगवणं) करून ईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे दिसले की जमलं.

पण ५० मायक्रोग्रॅममध्ये हे करायला जाऊ नका. निम्मं डायलिसिसच्या नळीलाच चिकटून बसेल. विकत घेतलेलं वेस्टर्नला (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) कंट्रोल म्हणून ठेवा. ८ आणि १८ ची प्लाझ्मिडं (जनुक असलेले डीएनएचे गोल) मिळवून बीएल२१ या ई. कोलायच्या जातीत स्वतः बनवा. ते इन्क्लूजन बॉडीत (पेशीतल्या न विरघळलेल्या प्रथिनाच्या गोळ्यांत) जातं, हा इथे फायदाच आहे, धुतल्यावर बरंच स्वच्छ मिळतं. हिस-टॅग पकडणारा निकेलचा कॉलम ८ मोलर युरियातही चालतो, फक्त डीटीटी कमी ठेवा, नाहीतर तो तपकिरी पडतो. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात या जोडीवर बरंच काम झालंय, गाइडकडून विचारणा करून बघा.

धागाकर्ती

विरघळलं! तासाभरात कुपी आरपार दिसायला लागली. बीकर खरंच गार पडला, आणि हात हॉटप्लेटपर्यंत गेलाही होता. मावशी, बफर बदलल्यावर ती लेन कोरी आली, केस मात्र आता टोपीत. केरॅटिन ८ ची प्लाझ्मिड मागायची मेल सरांसाठी लिहून ठेवलीय. एकच शंका उरली: हिस-टॅग प्रथिनाच्या डोक्याकडच्या (सुरुवातीच्या टोकाच्या) बाजूला असेल तर तंतू जुळताना आड येईल का, की आधी कापून टाकू?