मदत हवी: खणाच्या घागऱ्याचा काठ आणि कमरेचा गठ्ठा

लेकीला (वय ९) दांडियासाठी घागरा शिवतेय. गुळेदगुड्डचा खण ४ मीटर, पन्हा ३१ इंच, दोन्हीकडे काठ. कंबर २२ इंच, उंची २८ इंच.

आधी जुन्या चादरीवर खडूनं काठ आखून कळ्या (वर अरुंद, खाली रुंद तुकडे) कापल्या. प्रत्येक जोडावर काठाचं टोक खाली लोंबलं. मग सरळ पन्ह्यात चुण्या घातल्या. काठ मस्त बसला, पण नेफ्याशी (नाडी ओवायच्या पट्टीशी) एवढा गठ्ठा की सुईच मोडली.

पायाचं मशीन, इंटरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) नाही. खण कापला की धागे सुटतात आणि शहापुरातल्या दुकानात तो रंग संपलाय, म्हणजे कात्री एकदाच. काठ वेगळा कापून लावा असं कृपया सांगू नका, सगळी शोभा त्यातच आहे!

वर सुती कापडाची ४ इंची पट्टी जोडून त्याखाली चुण्या घेतल्या तर फुगा कमी होईल का? आणि घेर किती मीटर ठेवू?