रविवारची समुद्रसहल: बावट्यांबद्दल आधी वाचा

ए-३०२: आपल्या सोसायटीच्या सहलीची यादी पाहिली. त्यात बरीच लहान मुलं आहेत, म्हणून लिहिते. मेसेज मोठा आहे, पण प्लीज पूर्ण वाचा. मागच्या वर्षी आम्ही घरचे समुद्रावर गेलो होतो. किनाऱ्यावर दोन बावटे रोवले होते, वरचा अर्धा भाग लाल, खालचा पिवळा. लाल म्हणजे धोका असं समजून आम्ही मुद्दाम त्यांच्यापासून लांब गेलो. पलीकडे एका पट्ट्यात लाटा फुटतच नव्हत्या, पाणी अगदी संथ. तिथेच मुलांना सोडलं. भाचा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. बघता बघता त्याचे पाय टेकेनासे झाले आणि तो आत जायला लागला.

बी-५०१: अरे देवा! मग?

ए-३०२: जीवरक्षक दादा लाल फोमची लांबट नळी घेऊन पोहत गेले, त्याच्या काखेखालून ती गुंडाळली आणि त्याला बाहेर आणलं. तो ठीक आहे. नंतर त्या दादांनी वाळूत बोटाने रेघा काढून आम्हाला समजावलं. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली वाळूचे बांध असतात, त्यांच्यामधल्या खोलगट फटीतून ते जोरात आत जातं. तिथे खोली जास्त, म्हणून लाटा फुटत नाहीत. आम्हाला जे शांत वाटलं तीच ओढ होती. आणि ज्या दोन लाल-पिवळ्या बावट्यांपासून आम्ही पळालो, त्यांच्यामध्येच पोहायचं असतं. जीवरक्षकांची नजर तिथेच असते.

सी-१०४: ताई, काळजी समजते. पण मुलांना उगाच घाबरवू नका. आमच्यापैकी तिघे-चौघे पट्टीचे पोहणारे आहेत.

ए-३०२: काका, जोरदार ओढ सेकंदाला २ मीटरपेक्षाही जास्त वेगाने आत नेते. तिच्याशी समोरासमोर झुंजून कोणीच टिकत नाही. दमछाक होते आणि माणूस तिथेच बुडतो. ओढ खाली खेचत नाही, फक्त आत नेते. म्हणून आधी पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर तिरकं परत यायचं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे आधी माहीत असायला हवं.

बी-५०१: नुसता लाल बावटा असेल तर?

ए-३०२: एक लाल म्हणजे मोठा धोका. आपण मुलांना पाण्यात उतरवायचंच नाही. दोन लाल एकत्र म्हणजे समुद्र सगळ्यांना बंद. नुसता पिवळा असेल तर जपून. जांभळा जेलीफिशसारख्या प्राण्यांसाठी. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा दिसला तर तो भाग सर्फिंगच्या फळ्या आणि होड्यांचा, आपला नाही.

ए-१०१: मुलांसाठी फुगवायची ट्यूब घेतली आहे. चालेल ना?

ए-३०२: नको. जमिनीकडून वारा सुटला की ट्यूब बघता बघता खोल पाण्यात जाते. किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी वातनळी फडकवलेली असेल तर त्याचा अर्थच तो, फुगवलेलं काही पाण्यात न्यायचं नाही.

डॉक्टर वहिनी (डी-२०३): माझंही जोडते. बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतो, लांबून खेळतोय असंच वाटतं. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब.

सी-१०४: ताई, मघाशी घाईत लिहिलं. हे मला माहीत नव्हतं. कोणी अडकलं तर आम्ही काय करायचं?

ए-३०२: काका, उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलाही बुडतो. खांबावर लाइफ रिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कडं असतं, तिच्या दोरीचं टोक आपल्या हातात धरून रिंग त्याच्या पलीकडे टाकायची आणि ओढत त्याच्यापर्यंत आणायची. आम्ही होतो तिथे रिंग होती, पण कोणीतरी दोरी खांबालाच गाठी मारून ठेवली होती. माझे मिस्टर नखांनी गाठी सोडवत होते आणि समोर भाचा लांब चालला होता. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या रिंग कुठे आहे, दोरी मोकळी आहे का, हे मी स्वतः बघणार. तिथल्या फलकावर जागेचा क्रमांक असेल तर त्याचा फोटोही घ्या, मदतीला बोलावताना तोच सांगायचा.

सचिव: ठरलं. बावट्यांच्या बाहेर कोणीही जाणार नाही. चार मोठी माणसं आळीपाळीने काठावर उभी राहतील, मोबाइल पिशवीत. लाइफ जॅकेट कोणाकडे आहेत?

बी-५०१: आमच्याकडे दोन आहेत, दादाच्या मुलांची.

ए-३०२: वहिनी, आत्ताच मुलांना घालून बघा. सगळे पट्टे लावा आणि खांद्याला धरून जॅकेट वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं होतंय.

बी-५०१: आत्ता बघितलं. मोठ्याला बरोबर बसतंय, धाकट्याचं कानापर्यंत वर आलं. उद्या बदलून आणते.