हीट पंप घ्यावा का? लाईट बिलात खरंच फरक पडतो का?

रोहाऊसवाला_पुणे
आमच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर होतं, 11 वर्षं मस्त चाललं, पण पूर्वेला मोठी बिल्डिंग उभी राहिली आणि आता सकाळी साडेअकरापर्यंत ऊन येत नाही. घरात पाच माणसं, दोन 25 लिटरचे गिझर, थंडीत महावितरणचं बिल बघवत नाही. डीलर म्हणतो 200 लिटरचा हीट पंप घ्या, वीज पाऊणपट वाचेल, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. हे खरं की नुसती विकण्याची गोष्ट? कोणी वापरतंय का?

वायरमन_72
पाऊणपट म्हणजे जरा ताणलंय, पण फार खोटंही नाही. गिझर 1 युनिट घेऊन 1 युनिटचीच उष्णता देतो, हीट पंप म्हणजे उलटा एसी, बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात टाकतो, त्यामुळे 1 युनिटमध्ये 3-3.5 मिळते, त्यालाच सीओपी म्हणतात. आता हिशोब करा, 200 लिटर पाणी 25 वरून 55 डिग्रीला न्यायला 7 युनिट लागतात. हीट पंपला सीओपी 3.5 धरला तर 2 युनिट. म्हणजे रोज 5 आणि महिन्याला 150 युनिट वाचले. तुमचं बिल 300 युनिटच्या बरंच वर जात असेल तर वाचणारं युनिट वरच्या स्लॅबचं असतं, 15 रु. धरले तरी सव्वादोन हजार. पण हे रोज 200 लिटर लागत असेल तरच हं! बादलीनेच अंघोळ करत असाल तर 100 लिटरही लागत नाही, मग पैसे वसूल व्हायला दुप्पट वर्षं.

बोअरचं_पाणी
आमच्याकडे दोन वर्षं आहे. आमची चूक सांगतो, बसवणाऱ्याने मशीन ड्राय बाल्कनीत ठेवलं आणि आम्ही कबुतरांसाठी आधीच सगळीकडे बारीक जाळी आणि वर फायबरचं शीट लावलेलं. मशीन थंड हवा सोडतं, ती तिथेच कोंडायची आणि तीच परत आत खेचायचं. जानेवारीत दीड तासाचं काम साडेतीन तास चालायचं, मी कंपनीला शिव्या घालत होतो 😅 शेवटी गच्चीवर हलवलं आणि वेगळा मीटर लावून पाहिलं, युनिट खरंच खाली आले.
अजून एक, आत एक साधं हीटिंग एलिमेंटही असतं आणि आमचं ऑटोवर होतं, पाणी लवकर हवं म्हणून ते गुपचूप चालू व्हायचं. ते बंद करा, टायमर दुपारी 1 ते 4 ठेवा, हवा गरम असते तेव्हा मशीनला सोपं जातं. फक्त आठवड्यातून एकदा 60 ला नेऊन आणा, कोमट टाकीत जिवाणू वाढतात. आणि क्षाराचं पाणी असेल तर टाकीतला अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी) वेळेवर बघा, आमचा दोन वर्षांतच अर्धा संपलेला.

लीड्सकर
इकडे यूकेत अख्खं घर हीट पंपवर गरम होतं, इंग्लंड-वेल्समध्ये सरकार साडेसात हजार पाउंड अनुदान देतं, तरी लोक का कचरतात तर विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट. म्हणजे सीओपी साडेतीनच्या खाली गेला की गॅस बॉयलरच स्वस्त. आम्ही पहिल्या हिवाळ्यात खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरला 55 डिग्रीचं पाणी सोडत होतो, 42 वर आणलं तेव्हा कुठे बिल जमलं, हवं त्यापेक्षा गरम करायचं नाही. तुमच्याकडे पाईपगॅस असेल तर गॅस गिझरचाही हिशोब करा राव.

रोहाऊसवाला_पुणे
पाईपगॅस अजून गल्लीच्या तोंडापर्यंतच आलाय. काल बादल्या मोजल्या, आई आणि मी एकेक, बायको दीड, पण दोन्ही पोरींचा शॉवर मोजायला बादलीच अपुरी पडली 😂 म्हणजे 200 लागणार. ड्राय बाल्कनी रद्द, गच्चीवरच्या सोलरच्या ओट्यावरच बसवून मागतो, तिथे पाईपही आहेत. आईचं म्हणणं आहे बंब काढा माळ्यावरून, लाईटही नको नि गॅसही.